सोंडकिड्यांची बरणी

वाशीला आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायच्या. बोलताना मध्येच थांबून चष्मा पुसायच्या, पण वाक्य कधी अर्धवट सोडायच्या नाहीत. आमच्या तांदळात सोंडकिडे झाले की म्हणायच्या, "फेकू नका हो, मला द्या."

या किड्यांच्या पोटात जंतू राहतात आणि त्यांच्यामुळेच किड्याचं कवच टणक होतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. शेवटच्या प्रयोगात त्यांनी औषध देऊन ते जंतू मारले. पुढचे किडे फिकट, मऊ कवचाचे निघाले. त्यांना पिलंही होईनात. निवृत्त झाल्यावर बाई त्या किड्यांची तांदळाची बरणी घरी घेऊन आल्या. कोरड्या हवेत किडे सुकून मरत, म्हणून झाकणाला रोज ओला कापूस लावायच्या.

यजमान गेल्यावर मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. बरणी बघून म्हणाला, "आई, किडेच आहेत ते. टाकून दे ना."

"यांच्या सोबतीचे जंतू मी मारलेत. हे आहेत तोवर मी इथेच राहणार."

"आणि मी सुट्टी काढून आलो त्याचं काय?"

बाई झाकणाचा कापूस ओला करायला लागल्या. मुलगा चिडून एकटाच परतला. मला तेव्हा त्याचीच बाजू पटली होती.

थंडीत एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. बरणीत काहीच हलत नव्हतं. सोसायटीच्या बागेत आम्ही दोघींनी किड्यांसकट ते तांदूळ मातीत पुरले. वर येऊन बाईंनी हात धुतले आणि मुलाला फोन लावला.

"ये रे," त्या म्हणाल्या. "आता मला एकटीला इथे राहवणार नाही."