दातांच्या दवाखान्यातला शेवटचा नंबर

आमच्या रहस्यकथांच्या मंडळात शेवटचा नंबर माझा असायचा. त्यात काय एवढं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल, म्हणून आधी ते सांगते.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरीणबाईंचा दातांचा दवाखाना आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी त्याच्या वेटिंग रूममध्ये आम्ही सात-आठ जण जमतो. भिंतीवर किडलेल्या दाढेचं मोठं चित्र, खाली रेक्झिनचे बाक, मध्ये एक टीपॉय. प्रत्येकाने महिनाभरात वाचलेल्या खुनाच्या, चोरीच्या, थरारक पुस्तकांपैकी एक आणायचं आणि त्याची गोष्ट सांगायची. शेवट मात्र सांगायचा नाही. ऐन मोक्याच्या जागी थांबायचं आणि पुस्तक टीपॉयवर ठेवायचं. ज्याला पुढचं वाचायचं असेल त्याने पुस्तकावर हात ठेवायचा, जास्त हात पडले तर चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याने ते पुस्तक आधीच वाचलंय त्याने तोंडाला कुलूप लावून बसायचं. पुस्तकात काय आहे नि काय नाही, हे कुणी भलत्या वेळी बोललंच, तर पुढच्या बैठकीला सगळ्यांना मिसळ त्याच्याकडे.

आणि ज्याच्या गोष्टीसाठी माणसं थांबतील, त्याला शेवटी ठेवायचं. नाहीतर चहा झाला की एकेक जण उठायला लागतो. कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण कित्येक वर्षं ते शेवटचं माणूस मी होते. डॉक्टर सगळ्यांचं झालं की माझ्याकडे बघून म्हणायच्या, "चला, आता शेवटचा पेशंट." लोक हसायचे, बाकावर मांडी घालून बसायचे, आणि मी चष्मा पुसायची. त्या चष्मा पुसण्यात जे सुख होतं ते मला नोकरीत बढती मिळाली तेव्हाही मिळालं नव्हतं.

माझी नोकरी विम्याची. आयुष्यभर लोकांचे दावे तपासले. कोण खरं बोलतंय आणि कुणाचं दुकान शॉर्ट सर्किटने नव्हे तर मालकाच्या काडीने पेटलंय, हे मला कागद हातात घेतल्यावर कळायचं. तशीच मी गोष्टही सांगते. दार कुठल्या बाजूला उघडत होतं, घड्याळ किती पुढे होतं, विष चहात होतं की साखरेत, एकही धागा सुटायचा नाही. महिन्याला पाच-सहा पुस्तकं सहज वाचते. मंडळात एवढं कुणीच वाचत नाही.

आता जिच्यामुळे तो नंबर गेला तिच्याकडे येते. तिला मंडळात आणली मीच. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घ्यायचा तर तो असा.

द्वारका चौकाच्या पुढे आमची इमारत आहे. खालच्या मजल्यावर इगतपुरीहून एक जोडपं राहायला आलं. तो रेल्वेतून निवृत्त झालेला, ती माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. एक दिवस विरजण मागायला वर आली आणि वाटी हातात धरून माझ्या कपाटासमोर उभीच राहिली. "ताई, हे सगळं तुम्ही वाचलंय?" म्हणाली. मी फुशारले. एक पुस्तक दिलं, मग दुसरं दिलं, मग म्हटलं, चल आमच्या मंडळात, तुझ्या ओळखी होतील. माझ्याच स्कूटरवर मागे बसवून नेली. भटाला दिली ओसरी, दुसरं काय!

पहिल्या खेपेला ती नुसती ऐकत बसली. दुसऱ्या महिन्यात पुस्तक घेऊन आली. थंड हवेच्या ठिकाणचा एक बंगला, म्हातारा काका विष घालून मारलेला, तीन पुतणे. असली पुस्तकं मी ढिगाने वाचली आहेत. ती पदराने कपाळ पुसत म्हणाली, "मला नीट सांगता नाय येणार हं." आणि सुरू झाली.

त्या बंगल्यात भांडी घासायला एक बाई होती. खुनाच्या सकाळी तिने काकाचा कप विसळला, पालथा घातला, आणि थोड्या वेळाने परत येऊन तोच कप पुन्हा घासला. "आता मला सांगा," ती आमच्या सगळ्यांकडे बघत म्हणाली, "एकदा स्वच्छ घासलेलं भांडं बाई परत कधी घासते?" डॉक्टरांचा चहा निवला. आमच्यात गणिताचे एक निवृत्त सर आहेत, कुणी बुधवारचा गुरुवार केला तरी मध्येच टोकणारे. ते चिवड्याची मूठ तोंडाशी नेऊन तशीच धरून बसले होते. ती थांबली, पुस्तक टीपॉयवर ठेवलं, आणि त्यावर एवढे हात पडले की दाढेच्या चित्राखाली लहान मुलांसारखी झटापट झाली. चिठ्ठी सरांची निघाली.

त्यानंतर मी उठले. चष्मा पुसला. माझ्या पुस्तकात दोन खून आणि एक बनावट मृत्युपत्र होतं. सगळ्यांनी ऐकलं. पण मी सांगत असताना कुणीतरी हळूच शेजारच्याला म्हणालं, "तो कप मात्र..." ते मला ऐकू आलं.

घरी जाताना ती माझ्या मागे बसलेली. द्वारकेच्या सिग्नलला म्हणते कशी, "ताई, तुम्ही किती बारीक वाचता हो! मला लय नवल वाटतं." मी हॉर्न वाजवला. पुढे कुणीही नव्हतं.

मग ते दर महिन्याला व्हायला लागलं. ती एकच पुस्तक वाचायची, तेही बरेचदा माझ्याच कपाटातलं, साधारण वाटलं म्हणून मी न उघडताच बाजूला टाकलेलं. आणि ती सांगायला लागली की माणसं पुढे सरकून बसायची. एका महिन्यात मी चष्मा पुसायला घेतला तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "आज शेवटी या वहिनींना ठेवू या का? म्हणजे निवांत ऐकता येईल." माझ्याकडे बघून विचारलं, एवढाच मान. मी म्हटलं, "अहो, ठेवा की!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तोंडभर हसत मी माझं पुस्तक सांगून टाकलं आणि पहिल्यांदाच त्यावर एकही हात पडला नाही.

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटत होता. साधासुधा नाही, जेवताना घास अडकेल असा. तिचं साडीच्या निऱ्या सावरत उभं राहणं मला खुपायचं. तिचं "लय" आणि "नाय" खुपायचं, कारण तेच ऐकून लोक खूष व्हायचे. खालून तिच्या फोडणीचा वास आला तरी मी खिडकी लावून घ्यायची. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, तुला चांगला जोडीदार मिळाला म्हणायचा. इतकी वर्षं मैदानात एकटीच पळत होतीस." त्या दिवशी त्यांना मी बिनसाखरेचा चहा दिला.

नंतरच्या महिन्यात तिच्या पुस्तकाची चिठ्ठी माझी निघाली. हात ठेवायचा नाही असं ठरवून गेले होते, पण ठेवला. करणार काय? गोष्टच तशी होती. एका धरणाच्या वस्तीत इंजिनिअर बुडून मेलेला. गावात टपाल वाटणारा एक लंगडा माणूस रोज सायकल हातात धरून चालायचा. इंजिनिअर मेला त्या दिवशी मात्र तो सायकलवर बसून गेला. का बरं बसला असेल? तिने तिथे गोष्ट सोडली होती आणि मला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी तशीच टाकून मी पुस्तक घेऊन बसले. पन्नास पानं झाली, शंभर झाली, टपालवाला येईना. धरण होतं, इंजिनिअर होता, तो बुडालाही वेळेवर. पण लंगडा टपालवाला नाही, सायकल नाही. शेवटी खून मेहुण्याने केलेला निघाला, इस्टेटीसाठी. भिकार पुस्तक होतं.

तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगायला नको. मी भराभर कपाटापुढे गेले. तिने सांगितलेलं, माझ्याकडचं आणखी एक पुस्तक काढून चाळलं. त्यातही तेच. तिने रंगवून सांगितलेली आंधळी आत्या कुठल्याच पानावर नव्हती. बनावट दावा! आयुष्यभर मी जे पकडत आले तेच माझ्या नाकाखाली चाललं होतं. संध्याकाळी मी शिरा केला. हे म्हणाले, "काय विशेष?" मी म्हटलं, "चोर सापडला."

शेवटच्या रविवारी मी तिला नेहमीसारखीच स्कूटरवर घेऊन गेले. वाटेत गोड बोलले. सगळ्यांचं होऊ दिलं. डॉक्टर म्हणाल्या, "चला, शेवटचा पेशंट," आणि तिच्याकडे पाहिलं. ती उठायच्या आत मी उठले.

"एक मिनिट. मागच्या वेळचं पुस्तक मी वाचलं. त्यात टपालवाला नाही. सायकल नाही. या बाई आपल्याला पुस्तकात नसलेलं सांगतात."

मी थांबले. असल्या जागी कसं थांबायचं ते मला येतं. मला वाटलं, आता गलका होईल. पण सर दाढेच्या चित्राकडे बघायला लागले. मग डॉक्टर एक सुस्कारा टाकून म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या वेळची मिसळ तुमच्याकडे."

"अहो, मिसळ कसली! त्या खोटं—"

"कप पण नाहीये," सर म्हणाले. "पहिल्या पुस्तकात. मी दोनदा वाचून पाहिलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तुम्ही?"

"नियम आहे ना," सर म्हणाले. मग जरा लाजून म्हणाले, "आणि बोललो असतो तर पुढच्या महिन्यात कुणी सांगितलं असतं?"

एकेक जण मान हलवायला लागला. ज्याने ज्याने तिचं पुस्तक घरी नेलं होतं त्याला त्याला ठाऊक होतं. प्रत्येकाने मनात आलं ते गिळून टाकलं होतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पुढे सरकून बसला होता. चोराला सगळं गाव सामील होतं, आणि मी एकटीच शिट्टी फुंकत होते.

तिचा चेहरा जरा उतरला, नाही असं नाही. पण ती घाबरली नाही. म्हणाली, "ताई, मी पुस्तक अर्ध्यापर्यंतच वाचते. तोवर माझं डोकं भलतीकडेच पळालेलं असतं. मग पुढचं वाचवतच नाय. इगतपुरीला सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, त्यांना असंच सांगायची. त्या म्हणायच्या, पुस्तकातलं राहू दे, तुझं सांग." मग माझा हात धरून, खरंच मनापासून म्हणाली, "तुम्ही इथं सांगितलेली पुस्तकं मात्र मी सगळी पूर्ण वाचली. तुम्ही सांगता ना, अगदी तस्संच असतं त्यात. एक शब्द इकडचा तिकडे नाय. मला ते जन्मात जमायचं नाय."

यापेक्षा तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मिसळ मी घरून करून नेली. झणझणीत केली होती, मुद्दाम. सगळे नाक पुसत, कौतुक करत खात होते. रस्सा तिने दोनदा मागून घेतला. मिसळ माझी म्हणून असेल, किंवा कीव आली म्हणून, डॉक्टरांनी त्या दिवशी शेवटचा नंबर मला दिला.

मी महिनाभर तयारी केली होती. पुस्तक साधंच निवडलं होतं, देवळाच्या दागिन्यांच्या चोरीचं. पुजारी, ट्रस्टी, सोनार. आणि मी त्यात एक बाई घातली होती, पुस्तकात नसलेली. देवळाबाहेर फुलं विकणारी. सगळे हार विकून झाले तरी शेवटचा एक हार ती कुणालाच विकत नाही, कितीही मागितला तरी. मी चष्मा पुसला. सुरू केलं. पुजाऱ्यापर्यंत आले, मग फुलवालीपर्यंत आले, आवाज खाली आणला. डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या अंगावर काटा आला, स्वतःच्याच गोष्टीने. "आणि तो हार," मी म्हटलं, "ती—"

"फुलवाली नाहीये हो त्यात," सर म्हणाले. "मी वाचलंय हे पुस्तक."

म्हणाले आणि जीभ चावली. सगळे हसत सुटले. "मिसळ सरांकडे! मिसळ सरांकडे!" सरसुद्धा हसत होते, कान धरून. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. तिच्या कपासाठी, टपालवाल्यासाठी, आंधळ्या आत्यासाठी महिनोन् महिने ज्यांनी तोंडं मिटून घेतली होती, त्यांना माझ्या फुलवालीसाठी एक मिनिट ती मिटता आली नाहीत. माझे डोळे भरून आले, आणि ते मिसळीच्या तिखटावर खपून गेले.

एकटी तीच हसली नव्हती. बाकाच्या कडेपर्यंत पुढे सरकून, वाटी मांडीवर तशीच धरून, ती माझ्याकडे बघत होती.

"नसू दे पुस्तकात," ती म्हणाली. "ताई, तो हार कुणासाठी ठेवला होता तिने? पुढं काय झालं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, अगदी तिच्याकडे बघतात तसे. आणि मी तिथेच थांबणार होते; पुढचं मला काहीच सुचलं नव्हतं.