शेवटी काय लिहायचं

आमच्या ताईला लाँड्रीत सगळे 'कुलूप' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तीही हसायची. तिच्या जागी मी असते तर एखाद्याच्या अंगावर धावून गेले असते, पण आमच्या दोघींचे स्वभाव आईने दोन वेगळ्या दुकानांतून आणले असावेत. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. ताईच्या पोटात सत्तावीस माणसांची गुपितं बारा वर्षं राहिली आणि एकानेही बाहेर डोकं काढलं नाही.

तिचं काम साधं होतं. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, डॉक्टरांचे डगले आले की प्रत्येकाच्या कोपऱ्यात नंबराची पट्टी शिवायची, म्हणजे याची चादर त्याच्याकडे जात नाही. तिचं शिलाई मशीन धुलाईकडून इस्त्रीकडे जायच्या वाटेवर होतं. जो जाईल तो तिच्या टेबलाला टेकायचा. ताईची मान खाली आणि सुई चालू. मान खाली घातलेल्या बाईला लोक काय वाट्टेल ते सांगतात. कुणाचं घरी पटत नाही, कुणाला कमी ऐकू येतं पण नोकरीच्या भीतीने तो बोलत नाही, सगळं तिच्या कानात पडायचं आणि तिथेच राहायचं.

लाँड्री सभासदांच्या मालकीची होती, म्हणजे आमचीच. मी काउंटरवर होते. ताईचा नवरा, माझे भाऊजी, बॉयलरवर. आणि इस्त्रीला मावशी. ही मावशी आमच्या नात्यातली नव्हे, शेजारची. वडील गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि मी सतरा. तेराव्या दिवसानंतर कुणी दारात फिरकलं नाही. मावशी मात्र आली, दोघींना हाताला धरून लाँड्रीत घेऊन गेली आणि चादरीची घडी कशी घालायची इथपासून सगळं शिकवलं. आम्ही आज जे खातो ते तिच्यामुळे खातो. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी काय केलं ते ऐकताना तुम्हाला ते लक्षात असायला हवं.

ताई शिकलेली फार नव्हती, पण तिला माणसं कळायची. आमच्या पावतीवर पूर्वी छापलेलं असायचं, 'स्टार्च हवं असल्यास खूण करा.' शंभरात दहा जण खूण करायचे. एकदा छापखान्यात मजकूर देताना ताईने तो उलटा केला, 'स्टार्च नको असल्यास खूण करा.' गिऱ्हाईकं तीच, शर्ट तेच, आणि महिन्याभरात अर्ध्या शहराच्या कॉलरी कडक झाल्या. आमचे अध्यक्ष, इस्त्रीतले सर्वांत जुने काका, एकदम खूश. ताई मात्र मला म्हणाली, "अगं, त्यांना काय हवंय ते आपण विचारतच नाही. आपण सांगतोय."

मी म्हटलं, "स्टार्चच आहे ताई, विष नाही."

तर गोष्ट बॉयलरची. तो म्हातारा झाला होता. दोनदा वाफ सुटून भाऊजींचा हात भाजला होता, आणि तपासायला आलेल्या माणसाने कपाळाला आठ्या घालून सहा महिन्यांची मुदत दिली होती. पुढे काय करायचं याचे तीन रस्ते होते. एक, आहे तिथेच राहून बॉयलरला ठिगळ लावायचं. दोन, शहराबाहेर नवी शेड घेऊन सगळं तिकडे हलवायचं. तीन, एका मोठ्या कंपनीत सामील व्हायचं. कंपनी आमचं काउंटर आहे तिथेच ठेवणार होती, बाकीच्यांना आपल्या कारखान्यात घेणार होती, पण पन्नाशीच्या वरच्या कुणालाही नाही. मावशीला अठ्ठावन्न वर्षं झाली होती.

आमच्याकडे मत देण्याची रीत पहिल्यापासून एकच. घड्या घालायचं लांब टेबल मोकळं करायचं. अध्यक्षकाका दोन गोष्टी विचारणार, हे की ते? हे म्हणणाऱ्यांनी टेबलाच्या या बाजूला उभं राहायचं, ते म्हणणाऱ्यांनी त्या बाजूला. हरलेली गोष्ट संपली, तिचं नाव पुन्हा काढायचं नाही. जिंकलेली पुढच्या गोष्टीशी लढणार. ताई टेबलाच्या टोकाला उभी राहून डोकी मोजायची, त्यामुळे ती स्वतः मत देत नसे. आणि काय आधी विचारायचं, काय नंतर, ती विषयपत्रिका लिहायची ताईनेच, कारण अक्षर तिचं चांगलं. बारा वर्षांत त्या कागदाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी ताई माझ्याकडे आली. आई माझ्याजवळ असते. ती अंथरुणाला खिळलेली, दर तीन-चार तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. लाँड्री चार गल्ल्या सोडून, म्हणून मी दुपारी धावत येऊन तिला वळवून जायचे. ताईने आईला वळवलं, पाठ पुसली, आणि मग पिशवीतून बटणांचा पत्र्याचा डबा काढून जमिनीवर बसली.

नऊ काळी बटणं मांडली. "हे इस्त्रीवाले. त्यांना दुरुस्ती हवी. ती नाही तर शेड. कंपनी मुळीच नको." नऊ पांढरी. "धुलाईवाले आणि बॉयलरवाले. शेड हवी. नाही तर कंपनी. त्या बॉयलरजवळ पुन्हा उभं राहायचं नाही." नऊ निळी. "तुम्ही, गाडीवाले आणि काउंटरवाले. कंपनी हवी. नाही तर आहे तिथेच बरं. शेड नको, लांब पडते."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"सगळ्यांनीच. एकेकट्याने."

मग ती बटणं सरकवू लागली. आधी दुरुस्ती की शेड विचारलं, तर काळी आणि निळी एका बाजूला, दुरुस्ती जिंकली. मग दुरुस्ती की कंपनी, तर पांढरी निळ्यांकडे गेली, कंपनी जिंकली. तिने बटणं परत गोळा केली. आधी शेड की कंपनी विचारलं, शेड जिंकली, आणि मग शेड दुरुस्तीपुढे हरली. तिसऱ्यांदा मांडली. आधी कंपनी आणि दुरुस्ती, शेवटी शेड. शेड जिंकली. दर वेळी अठरा विरुद्ध नऊ, दणदणीत.

"कळलं?" ती म्हणाली. "मी जे शेवटी लिहीन ते होणार. आणि सगळे म्हणणार, आपणच ठरवलं."

मला आधी हसूच आलं. आमचं कुलूप आता राज्य करणार. मग तिचा चेहरा पाहिला आणि मीही हिशेब करू लागले. दुरुस्ती शेवटी लिहिली तर भाऊजी त्या बॉयलरपाशी. कंपनी लिहिली तर मावशी घरी. शेड लिहिली तर मी दोन बस बदलून सकाळी सहाला निघणार, रात्री आठला परतणार, आणि दुपारी आईला वळवायला कुणी नाही.

"मग लिहूच नकोस," मी म्हटलं.

"काकांना विचारलं. म्हणाले, मी लिहितो, जुन्यापासून नव्यापर्यंत. म्हणजे दुरुस्ती, शेड आणि शेवटी कंपनी."

"तिन्ही एकदम विचारा."

"नऊ, नऊ, नऊ. आणि मतं समान पडली तर आहे तेच चालू, असा नियम आहे. म्हणजे बॉयलर."

"मग सांगून टाक सगळ्यांना, असं असं होतंय म्हणून."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी ठरले. "काय सांगू? कोण काय म्हणालं ते सगळं माझ्याकडे आहे, असं? आणि त्यानंतर मी काहीही लिहिलं तरी कोण म्हणेल की हिने घरच्यांसाठी लिहिलं नाही? माझा नवरा, माझी बहीण, मावशी. तिन्हीकडे माझंच माणूस आहे."

तेव्हा मला पहिल्यांदा ताईची कीव आली. काही ठाऊक नसतं तर तिने बारा वर्षांसारखाच तो कागद पाच मिनिटांत लिहून भिंतीला लावला असता आणि शांत झोपली असती. ती आठवडाभर नीट जेवली नाही. भाऊजींना वाटलं पित्त झालंय, त्यांनी औषध आणून दिलं आणि तिने ते घेतलंही.

सभा गुरुवारी, कागद बुधवारी सकाळी लागायचा होता. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ताई काउंटरवर आली. हातात तोच डबा, झाकणात तीन गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. "एक उचल," म्हणाली. "जी निघेल ती शेवटी लिहीन. निदान माझ्या मनाने नको. आणि कुणाला बोलू नकोस."

मी उचलली. उलगडली. ताईच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'नवी शेड'.

मी विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. डोळ्यांपुढे आईची पाठ आली आणि तोंडातून शब्द निघाला, "कंपनी."

ताई माझ्याकडे बघत राहिली. सुईत दोरा ओवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मला वाटलं, आता म्हणेल दाखव. म्हणाली नाही. तिने उरलेल्या दोन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, झाकण दाबून लावलं आणि म्हणाली, "बरं."

मनात मी स्वतःची समजूत घातली. मावशी थकलीच आहे, तिच्या गुडघ्यांना आराम मिळेल, तिचा मुलगा कमावता आहे. खोटं बोलल्यावर माणूस फार पटकन वकील होतो.

गुरुवारी टेबल मोकळं झालं. दुरुस्ती की शेड? अठरा आणि नऊ. दुरुस्ती की कंपनी? आम्ही टेबलाला वळसा घालून धुलाईवाल्यांच्या बाजूला गेलो, मी भाऊजींच्या शेजारीच उभी राहिले. समोर नऊ जण. मधोमध मावशी, तळहात टेबलावर ठेवून, जसा ती तीस वर्षं ठेवायची, कापड गरम आहे का पाहायला. ताईने डोकी मोजली. मोजायची गरज सर्वांत कमी तिलाच होती, तरी तिने बोट दाखवत एकेक डोकं मोजलं, आणि मावशीपाशी तिचं बोट जरा थांबलं.

"अठरा," ती म्हणाली.

मावशी म्हणाली, "बरं झालं बाई. सगळ्यांच्या मनासारखं झालं."

महिन्याभराने मावशीचं काम सुटलं. मुलाच्या घरी तिला करमेना. आम्ही गेलो की ती बोलता बोलता वर्तमानपत्राच्या घड्या घालायची, कोपऱ्याला कोपरा जुळवून. एक दिवस मलाच म्हणाली, "तू दुपारी कशाला धावतेस गं? कंपनीवाले उशीर झाला की बोलतात म्हणे. मी येत जाईन तुझ्या आईला वळवायला. मला आता काय काम आहे?" नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. तेव्हापासून कामाच्या दिवशी ती रोज बाराला येते. आईची चादर बदलते, चारही कोपरे असे खेचून बसवते की एक सुरकुती दिसत नाही. मी घरी येऊन ती चादर बघते आणि मला माझी लाज वाटते. हे मी तिला सांगू शकत नाही आणि तिला येऊ नका असंही म्हणू शकत नाही.

काउंटर सोडून बाकी जुनी जागा रिकामी केली तेव्हा ताईचं मशीन भंगारात गेलं. खालच्या खणात बटणांचा डबा राहिला होता, तो मी घरी आणला. झाकण गंजून घट्ट बसलेलं, चमच्याने उचकटलं. आत बटणं, आणि बटणांत दोन गुंडाळलेल्या चिठ्ठ्या.

तिसरी माझ्याकडेच होती. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, का ठेवली होती देव जाणे. त्या दोन मी उलगडल्या. एकीवर 'नवी शेड'. दुसरीवरही 'नवी शेड'.

पाकिटातली माझी काढून मी त्यांच्याशेजारी ठेवली, तिन्ही सारख्या. ताईने ठरवलं होतं. भाऊजी बॉयलरपासून सुटतील, मावशीचं काम राहील, आणि भोगायचं ते मी, कारण मी धाकटी, मला दुसरीकडे काम मिळालं असतं. मला तिचा राग येऊ नये म्हणून माझ्याच हाताने उचलायला लावली. म्हणजे मी 'कंपनी' म्हटलं त्याच क्षणी तिला कळलं होतं. पण मला खोटारडी म्हणायचं तर आधी स्वतःच्या चिठ्ठ्या दाखवाव्या लागल्या असत्या. म्हणून ती म्हणाली, बरं. आणि माझं खोटं स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं.

रविवारी ती नेहमीसारखी आली. आईला वळवलं, पाठ पुसली, माझ्यासमोर चहाचा कप घेऊन बसली. मी तीन दिवस मनात वाक्य जुळवलं होतं. ते म्हणायचं तर माझ्या चिठ्ठीपासून सुरुवात करावी लागणार होती.

तीच म्हणाली, "जुन्या खणातला डबा तुझ्याकडे आला का गं?"

"आला."

"उघडला?"

"उघडला."

"काय होतं त्यात?"

दारात मावशी चपला काढत होती. रविवार असूनही आली होती, आईची चादर बदलायला.

"बटणं," मी म्हटलं.

ताईने कप खाली ठेवला. "हो," म्हणाली, "बटणंच होती."