देवदत्तने वाढलेला भात

आमच्या प्लिमथमध्ये चार मराठी घरं जमली की हल्ली कुणीतरी हमखास विचारतं, "रेखाताई, खरं सांगा, आजच्या काळात माणूस रानावर जगू शकतो का हो?" विचारणाऱ्याच्या हातात समोशाची प्लेट असते आणि आवाजात कुतूहल. डोकं फिरतं माझं. तुमचा टाइमपास होतो, पण आम्ही या प्रश्नापायी आमचा देवदत्त घालवला.

देवदत्त सबनीस म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, उत्तराचा नवरा. मूळचा नागपूरचा. इथे मिनेसोटात एका इन्शुरन्स कंपनीत वर्षानुवर्षं डेटाबेस सांभाळत बसलेला. शांत, कामसू, आणि हट्टी म्हणजे किती? गणपतीची आरास मीच करणार म्हणाला की अंगात ताप असला तरी शिडीवर चढणार. त्याची पन्नाशी उलटली आणि कंपनीने एका व्हिडिओ कॉलवर अख्खी टीम घरी पाठवली. त्यानंतर इंटरव्ह्यू घ्यायला समोर बसायची ती त्याच्या मुलीएवढी पोरं. "वी विल गेट बॅक टु यू" म्हणायची आणि गायब व्हायची. बेसमेंटमध्ये बसून बसून त्याचा चेहरा उतरला होता, बोलणंही कमी झालं होतं.

अशात एकदा ती दोघं आमच्याकडे जेवायला आली असताना माझा नवरा प्रल्हाद बोलून गेला, "यार, आपण सगळे काही कामाचे नाही. उद्या दुकानं बंद झाली तर आपण आठवड्यात मरू." सगळे हसले. देवदत्त हसला नाही. उत्तर दिशेला, पाच तासांच्या ड्राइव्हवर, त्यांची थोडी जमीन होती. झाडी, तळं आणि सुट्टीत जायला घेतलेली एक लाकडी खोली. बर्फ वितळल्यावर त्याने जाहीर केलं, "एक वर्ष तिथे राहणार. मीठ, काडेपेटी आणि औषधं सोडून दुकानातलं काही घेणार नाही. कुणी दिलेलंही खाणार नाही."

उत्तरा आधी हसली, मग भांडली, मग रडली. मुलगी स्वानंदी कॉलेजातून फोनवर म्हणाली, "लेट हिम डू इट, आई. ही नीड्स अ विन." कसली विन नि कसलं काय! पण बेसमेंटमध्ये बसलेल्या नवऱ्यापेक्षा रानातला नवरा बरा, असं त्या बिचारीला वाटलं असणार. तिने जाऊ दिलं.

उन्हाळा छान गेला, खोटं कशाला बोलू? रविवारी तो मोठ्या रस्त्यापर्यंत चालत यायचा, कारण खोलीत सिग्नल नव्हता, आणि उत्तराला फोन करायचा. जन्मभर अंडंसुद्धा न खाल्लेला माणूस मासे पकडायला आणि साफ करायला शिकला. बेरी वाळवल्या. शेजारचा अर्ल नावाचा म्हातारा त्याला होडीत घेऊन गेला आणि तळ्यातला रानतांदूळ कसा झोडपून काढायचा ते त्याने दाखवलं. रीतसर लायसन्स काढून देवदत्तने तो तांदूळ गोळा केला, वाळवला, भाजला, पाखडला. फोनवर त्याचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. उत्तरा मला म्हणायची, "अगं, तो मला जोक सांगत होता!"

पण मला तेव्हाही वाटायचं आणि आता तर खात्रीच आहे, की रानावर एकटा माणूस कधीच जगला नाही. पूर्वी अख्खी वाडी जगायची. एकाला शिकार मिळाली नाही तर दुसऱ्याच्या चुलीवरचं मिळायचं. कुणाकडूनही काही घेणार नाही म्हणे! असं कुणी जगलंय का कधी?

दिवाळीला उत्तरा, मी आणि प्रल्हाद, आम्ही तिघं त्याला भेटायला निघालो. डिकीत चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू. गाडीत उत्तरा म्हणाली, "मी फराळ द्यायला जातच नाहीये, रेखा. पुढे सहा महिने बर्फ. त्याच्याकडे पुरेसं नाही असं दिसलं ना, तर मी त्याला गाडीत घालून आणणार. पाया पडेन, तमाशा करेन, पण आणणार." वाटेत आम्ही मेथीचे पराठे खाल्ले आणि पोचलो.

तो दारातच उभा होता. दाढी वाढलेली, पँट दोरीने बांधलेली. पण हसला असा, की आम्ही सगळेच हसलो. फराळाच्या डब्यांना त्याने हातही लावला नाही. "परत न्या. पण तुम्ही माझ्याकडे आलायत, जेवल्याशिवाय सोडणार नाही."

आणि काय वाढलं म्हणता! रानतांदळाचा काळा, लांब दाण्याचा भात, धुरावर वाळवलेले मासे, हेझलनट कुटून केलेली चटणी. प्रल्हाद आणि मी मासे खातो. उत्तरा खात नाही, म्हणून तिला नुसता भात आणि चटणी. आणि आग्रह तरी किती! लग्नाच्या पंगतीत करतात तसा. "घे गं उत्तरा. अरे प्रल्हाद, लाजतोस काय? रेखा, एवढासा भात? भरपूर आहे, घ्या." तो स्वतः उभा राहून वाढत होता. "मी मागून जेवतो," म्हणाला. उत्तराने तीनदा मागून घेतलं. तिने घेतलं की त्याचा चेहरा फुलायचा.

जेवणं झाल्यावर त्याने तिला कोपऱ्यातलं पोतं दाखवलं. आम्हाला काय कळतंय? आमचा तांदूळ इंडियन ग्रोसरीतून येतो, एक पोतं आणलं की महिनोन्‌महिने बघावं लागत नाही. भाजी, पोळी, दूध, फळं काही न घेता नुसत्या त्यावर जगायला किती लागतो, हा हिशोब आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलाच नाही. आणि ज्याच्याकडे कमी आहे, तो माणूस असा वाढतो का? निघताना त्याने उत्तराच्या हातात तांदळाची जड पिशवी दिली. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं! "आता बर्फात रस्त्यापर्यंत येणं जमणार नाही," म्हणाला. "मार्चपर्यंत फोन नाही. काळजी करू नको."

परतताना उत्तरा गाडीत गाणं गुणगुणत होती. त्याला आणण्याचा विषय तिने काढलासुद्धा नाही, आणि आम्हीही नाही.

संक्रांतीला तिच्याकडे हळदीकुंकू होतं. तिने त्या रानतांदळाची खीर केली, केशर-वेलची घालून. "आमच्या ह्यांनी तळ्यातून आणलाय," असं प्रत्येकीला सांगत होती. बायकांनी वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या. रेसिपी विचारली.

फेब्रुवारीत शेरीफच्या ऑफिसातून फोन आला. अर्ल घसरून पडला होता आणि डिसेंबरपासून मुलीकडे राहत होता. तो परतला तेव्हा देवदत्तच्या धुराड्यातून धूर दिसला नाही म्हणून बघायला गेला. देवदत्त तळ्याच्या वाटेवर सापडला, मासे धरायला निघालेला. अंगावर मांस म्हणून नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जाऊन महिना झाला असावा. म्हणजे आमच्या हळदीकुंकवाच्या सुमाराला. मला त्या दिवसापासून खीर बघवत नाही.

अंत्यविधीला अर्ल काठी टेकत आला. नंतर घरी उत्तराने त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "त्याच्याकडे एवढा तांदूळ होता. मग असं कसं झालं?"

म्हातारा गोंधळला. "एवढा कुठे? तळ्यावर आम्ही दोघं होतो. त्याच्या वाट्याला एकच पोतं आलं, माझ्या गुडघ्याएवढं. तुम्ही येऊन गेल्यावर मी हरणाचं मांस घेऊन गेलो, तेव्हा त्यात वीतभर उरला होता. मासेही संपले होते."

"मग तुम्ही दिलंत ते मांस?"

"घेतलं नाही. वर्षाचा शब्द आहे म्हणाला. मी खूप भांडलो. म्हटलं, हा हिवाळा तू काढणार नाहीस, बायकोला फोन करू दे मला. तर म्हणाला, तिला काही कळवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. ती पुरेसं आहे का बघायला आली होती, आता तिची काळजी मिटलीय." अर्लने टोपी हातात फिरवली. "फार खुशीत होता हो तो. सारखं एकच सांगत होता, माझ्या बायकोने तीनदा मागून घेतलं."

उत्तरा माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "मला भूक नव्हती गं, रेखा. त्याला बरं वाटावं म्हणून घेत होते."