सर पेटी घेऊन बसले तेव्हा

आज सकाळी आमच्या गणिताच्या सरांच्या घरी जाऊन आले. परवा ते गेले. तिथे एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. मी बी.एस्सी.ला होते. बाबा आमच्या वाडी गावातल्या गोदामात हमाली करायचे आणि संध्याकाळी भजनात गायचे. माझं लग्न जमवायचं म्हणून त्यांनी माझं कॉलेज बंद केलं. आठवडाभर मी दिसले नाही, म्हणून सर सायकलने थेट वाडीला आले.

बाबा भजनाला बसले होते. पेटीवाला आला नव्हता. "मी वाजवू का?" म्हणत सर सतरंजीवर बसले. तासभर बाबा गायले, सर साथ करत राहिले.

चहा घेताना सर म्हणाले, "काय गळा आहे तुमचा! गाणं शिकला नाहीत?"

"मले कोन शिकवनार होतं जी?"

"मग हिला तरी शिकू द्या."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, "सोमवारपासून जाय वं कॉलेजले."

मी पुढे तीस वर्षं गणित शिकवलं. सरांनी माझ्यासाठीच बाबांची स्तुती केली, असं मला कायम वाटायचं.

आज सरांची मुलगी म्हणाली, "बाबा नेहमी सांगायचे, वाडीत एक हमाल गातो, तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही."

हे ऐकायला माझे बाबा हवे होते.

तुमच्या घरच्यांचा असा एखादा गुण बाहेरच्या कुणी ओळखला होता का?