ताईने मऊ केलेले बूट

गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश ताई शिवायची. पुढच्या खोलीत, खिडकीला लागून तिचं मशीन. धाकट्या बहिणीला जमीनमोजणीच्या पथकात नोकरी लागली, तेव्हा बाबा सगळ्यांना सांगत सुटले. ताईनेही पेढ्यासारखं गोड तोंड केलं, पण आतून तिला ते झोंबलं.

बाबांनी धाकटीसाठी घोट्यापर्यंतचे चामड्याचे बूट आणले. लाकडासारखे कडक. घालून पाहिले त्याच दिवशी तिच्या टाचा सोलल्या.

"तुमच्या दोघींच्या पायाचा नंबर एकच," बाबा ताईला म्हणाले. "तू घरीच असतेस. ती नोकरीवर जाईपर्यंत महिनाभर घाल, मऊ होतील."

'घरीच असतेस' हे ताईने मुकाट्याने गिळलं. टाचांना पट्ट्या चिकटवून ती बूट घालूनच मशीनवर बसू लागली. पायडलवर पाय खालीवर होई, तसतसं बोटांपाशी चामडं दुमडू लागलं. रोज ती तेलाचा हात फिरवायची. विसाव्या दिवशी बूट चावायचे थांबले. त्या दिवशी ती बटणं आणायला गेली आणि उगाचच लांबच्या रस्त्याने परतली.

"झाले का गं?" धाकटी विचारायची.

"कुठले! अजून चावतात."

निघायच्या आदल्या संध्याकाळी धाकटीने स्वतःच बूट पायात घातले. खोलीत चार फेऱ्या मारून ती खाली बसली.

"मऊ झालेत की. पण तुझ्या अंगठ्याचं हाड पुढे आलंय ना, तिथे चामडं फुगलंय. माझा पाय आत हलतोय. कधीपासून चावत नाहीत हे?"

"दहा दिवस झाले," ताईने कबूल केलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू जाणार. मी इथेच."

धाकटीने बूट काढून ताईच्या मशीनखाली ठेवले. सकाळी जुने कापडी बूट घालून ती निघाली. "ते ठेव तुलाच," दारातून एवढंच म्हणाली.

बूट मिळाले, पण ताईचा जळफळाट कमी होईना. धाकटी फोनवर डोंगरांचं, नदीचं वर्णन करायची आणि ताई हं हं करत दातांनी दोरा तोडायची. शेवटी एकदा तिने सरळ विचारलं, "मी येऊ दोन दिवस?"

"ये ना," धाकटी म्हणाली.

आता दर दोन महिन्यांनी ताई मशीन कापडाने झाकते, बूट चढवते आणि बस पकडते. डोंगरावर धाकटी पुढे चालते, पथकातली माणसं तिचं ऐकतात. मागून चढणाऱ्या ताईला अजूनही तिचा हेवा वाटतो. तरी ती जाते.