पिवळ्या गोलाबाहेर चार बोटं

मुदतवाढ हा शब्द माझ्यासमोर कुणी काढला, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आधी त्या प्लॅटफॉर्मला मुदतवाढ, मग आमच्या ह्यांना मुदतवाढ, आणि त्या दोघांपायी माझ्या गुडघ्याला मुदतवाढ. वैताग नुसता!

आमचे हे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर पाइपांची जाडी मोजतात. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी, अशी एकतीस वर्षं काढली. तिकडे त्यांना सगळे 'मिलिमीटर' म्हणतात, कारण दुसरं माप त्यांच्या तोंडात बसतच नाही. जावयाची उंची किती, असं माझ्या बहिणीने विचारलं, तर म्हणाले, "सतराशे तीस." ती बिचारी अजून हसते.

काम ऐकायला सोपं आहे. पाइपवर ठरलेल्या जागी बशीएवढा पिवळा गोल काढलेला असतो, आत नंबर. तिथला रंग खरवडायचा, सोनोग्राफीला पोटावर लावतात तसलं जेल लावायचं, यंत्राचं टोक टेकवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. मग ती जागा स्वच्छ पुसून, रंगाचे दोन हात देऊन गोल पुन्हा काढून ठेवायचा. दरवर्षी तेच गोल, त्याच क्रमाने. असे दोन हजार एकशे चाळीस गोल त्यांना तोंडपाठ आहेत. माझा वाढदिवस तेवढा राहत नाही लक्षात.

तो प्लॅटफॉर्म बांधला होता पंचवीस वर्षांसाठी. पण खाली अजून तेल आहे. आता तेलापेक्षा पाणीच जास्त येतं म्हणे, तरी सोडून यावं इतकंही थोडं नाही. म्हणून पाच वर्षं वाढवली, मग आणखी पाच. दर वेळी मोठे साहेब ह्यांच्या वह्या मागवायचे, आकडे बघायचे आणि खूश व्हायचे. भोवती खारा वारा, पण लोखंड काही झिजत नव्हतं. आता तिसऱ्या पाच वर्षांची फाइल चालली होती. आणि मोजणार कोण? तर मिलिमीटर! अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसायचा माणूस, एकेक वर्ष करत साठीला आला.

इकडे माझा उजवा गुडघा बदलायचाय. डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. पण नंतर तीन महिने घरात कुणीतरी हवं. चौदा दिवसांच्या माणसाच्या भरवशावर कोण जाऊन झोपेल ऑपरेशनच्या टेबलावर? "बाबा कायमचे आले की कर," असं मुलगी फोनवर सांगायची. ह्या महिनाअखेरीला ते सुटणार होते. नक्की, लेखी. मी डॉक्टरीणबाईंकडे तारीख मागायला जाणारच होते.

शेवटच्या फेरीआधी ते घरी आले. चहा घेता घेता इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "घर अगदी छान ठेवलंयस हं. आणि तुझी चालही बरी दिसतेय. मला वाटतं, ऑपरेशनची इतकी घाई नाही."

झालं. माझं डोकंच फिरलं.

"बरी दिसते? अहो, तुम्ही यायच्या दिवसापासून रोज सकाळी दुखण्याची मोठी गोळी घेते मी! आदल्या दिवशी पडदे धुते, गळका नळ नीट करून घेते, शेजारणीकडून वरच्या फळीवरचे डबे काढून घेते. तुम्ही बघता तेवढंच इथे धड असतं. मधले चौदा दिवस कधी बघितलेत? जिना बसून उतरते मी, बसून! एकेक पायरी, लहान पोरासारखी."

एरवी मी बोलायला लागले की हे पेपर वर धरतात. त्या दिवशी पेपर खाली ठेवला. कप तसाच हातात. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, चला, एकतीस वर्षांनी का होईना, बाण लागला.

"मी बघतो तेवढंच धड..." ते पुटपुटले. "दरवर्षी खरवडतो. दरवर्षी रंगवतो. तेवढंच."

आणि उठून वह्या काढून बसले! मी कपाळावर हात मारून घेतला. मी गुडघ्याबद्दल बोलत होते आणि हा माणूस पाइपमध्ये शिरला होता. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही.

फेरीवर गेले आणि पाचव्या दिवशी भरदुपारी फोन आला. आवाज असा, की मला वाटलं कुणी गेलं.

"जेवणघराखालून गॅसची पाइप जाते ना," ते म्हणाले, "तिच्या गोलात नऊ मिलिमीटर आहे. गोलाबाहेर चार बोटं सरकून मोजलं. साडेतीन."

"म्हणजे?"

"म्हणजे गोल सोडून कुठेच कुणी रंग खरवडलेला नाही. जुन्या रंगावर नवा, त्यावर आणखी नवा. वरून चकचकीत, खाली गंज. अख्ख्या पाइपवर धड जागा एकच, मी दरवर्षी जपलेली. आणि मी तिथेच मोजत बसलो. आणखी अकरा गोलांजवळ बघितलं. नऊ ठिकाणी तीच गत." मग थांबून म्हणाले, "मी गाढव आहे गं."

असं ते कधी म्हणत नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पुढचं ऐका. त्यांनी साहेबाला सांगितलं होतं. साहेब म्हणाला, मिलिमीटर, आठ दिवसांत तुम्ही घरी. नेहमीच्या गोलांचे आकडे भरा, सही करा, मुदतवाढीची फाइल जाऊ दे. बाकीचं तुमच्यानंतर येणारा बघेल. आणि नसेल करायची सही, तर सगळं नव्याने मोजावं लागेल. ते कोण मोजणार, ते तुम्हीच सांगा.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"वर्ष तरी."

आता मी जे बोलले ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, "करा सही आणि या घरी. एकतीस वर्षं कुणाला दिसलं नाही, आणखी आठ दिवस नाही दिसलं म्हणून काय बिघडतंय?"

मागून भांड्यांचा आवाज येत होता. जेवणघरातूनच फोन केला होता ह्या बाबाने.

"इथे शंभर माणसं जेवतायत," शेवटी म्हणाले. "पाइप ह्यांच्या पायाखाली आहे."

मी फोन आपटला. आणि राग कुणाचा करायचा? ती अक्कल त्यांच्या डोक्यात घातली कुणी? मीच ना! गप्प बसून चहा प्यायले असते, तर हे सही करून, हारतुरे घेऊन, महिनाअखेरीला घरी असते.

सही त्यांनी केली नाही. गोलाबाहेरचे आकडे वेगळ्या कागदावर लिहिले, खाली 'चूक माझी' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि कागद साहेबाच्या वरच्या साहेबाला पाठवला. ती पाइप बंद झाली. मुदतवाढीचं घोंगडं भिजत पडलं. सगळ्यांनी त्यांना शिव्या घातल्या, असं त्यांच्याबरोबरचा वेल्डर मला फोनवर म्हणाला. वर म्हणाला, "वहिनी, मीही घातल्या. पण जेवायला आता दुसरीकडे बसतो."

ते आले त्या दिवशी मी पडदे धुतले नाहीत. गोळी घेतली नाही. नळ गळत होता, म्हटलं गळू दे. दुपारी दूध आणायला निघाले आणि नेमके खालून हे वर येत होते. मी सातव्या पायरीवर बसलेली, पिशवी मांडीवर, एक पाय पुढे ताठ.

ते खालीच थांबले. बॅग खांद्यावरून घसरली, तरी कळलं नाही.

"असं कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. सांगितलं होतं ना."

"सांगितलं होतंस," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग खिशातून घडी केलेलं पत्र काढलं. मला वाचायची गरज नव्हती. मुदतवाढ, आणखी एक वर्ष. "नाही म्हणून कळवू? तू म्हणशील तसं."

इतकी वर्षं ह्याच प्रश्नाची वाट बघितली होती मी. आणि विचारला कधी, तर आता! ती जेवणारी शंभर माणसं डोळ्यांसमोर घेऊन मी काय बोलणार होते?

"जा," मी म्हणाले. "नीट मोजा ह्या वेळी. पण माझी तारीख मी घेतलीये. पुढच्या महिन्याची वीस तारीख. माझी धाकटी बहीण येतेय तीन महिने."

त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. ओठ हलले. "पण वीस तारखेला मी तिकडे असेन."

"माहितीये. बघूनच घेतलीये."

"अगं, पण मी नसताना..."

"तुम्ही नसतानाच सगळं केलंय मी," मी म्हणाले. "हेही होईल."

ते बॅग तिथेच सोडून सात पायऱ्या वर आले आणि हात पुढे केला. मी तो घेतला. रागातच घेतला, पण घेतला. दूध मात्र त्यांनाच आणायला पाठवलं.