बिल्ल्याआधीची वासरं

क्लोन वासरं जगवण्यात संस्थेचं यश शंभर टक्के होतं. ते तसंच राहावं म्हणून संचालकसाहेबांनी एक सोपा नियम करून ठेवला होता: नंबराचा बिल्ला वासराच्या कानाला आठव्या दिवशी मारायचा. त्याआधी जे गेलं, ते जन्मलंच नव्हतं.

गोठ्यावरच्या माणसाला सगळे ‘सुईण’ म्हणत. बावीस वर्षं गाईंची बाळंतपणं करून त्याने हे नाव कमावलं होतं. बायकोही त्याच नावाने हाक मारू लागली, तेव्हा त्याने रागावणं सोडून दिलं. ही क्लोन वासरं म्हणजे एका नामांकित गाईच्या हुबेहूब नकला, पण कुठे काय बिनसायचं देव जाणे. वासरं दीडपट मोठी, गाईचं पोट चिरूनच काढावी लागत. कुणाची नाळ मनगटाएवढी जाड, कुणाचे पुढचे पाय मुडपलेले. न जन्मलेल्या वासरांना मागच्या आवारात पुरायचं मानाचं काम अर्थातच सुईणीकडे होतं.

मग ही कालवड आली. सारखी धापा टाकायची, पण बाटली तोंडाशी नेली की डोळे मिटून चोखायची. सुईणीचा जीव तिच्यात अडकला.

संस्थेच्या गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ऑक्सिजन लावला तर वाचेल कदाचित. पण बिल्ल्याचा नंबर असल्याशिवाय स्टोअरमधून सिलिंडर मिळत नाही.”

“म्हणजे आधी आठ दिवस जगून दाखवायचं, मग श्वास मिळणार?”

“नियम आहे,” बाई नजर चुकवत म्हणाल्या. त्याही बिचाऱ्या नोकरदारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कपाटातून बिल्ले मारायचा चिमटा काढला आणि कालवडीच्या कानाला सरळ बिल्ला मारला. स्टोअरवाल्याने मुकाट्याने सिलिंडर दिला. त्याला नंबर दिसला की पुरे, वासरू नाही दिसलं तरी चालायचं.

ती आणखी चार दिवस तगली. मग त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. तो रडला, सगळ्यांसमोर रडला.

नंबर पडलेलं जनावर मेलं म्हणजे अहवाल आला. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

“इतकी वर्षं काढलीस इथे, अक्कल कुठे गहाण टाकलीस? संस्थेतला पहिला मृत्यू आहे हा.”

“पहिला नाही साहेब, बारावा.”

साहेबांना ते ऐकूच गेलं नाही. ते अहवाल लिहिण्यात गढले होते. सही करायला कागद पुढे आला, तेव्हा सुईणीने तो सावकाश वाचला. मृत्यूचं कारण: मुदतीपूर्वी बिल्ला मारणे.